मूत्रपिंडे ठीक, पण अधिवृक्क ग्रंथी पाहिल्या का?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पोटाची सोनोग्राफी ही आता इतकी नित्याची तपासणी झाली आहे की तिचा रिपोर्ट बहुतेक जण शेवटच्या दोन ओळींपुरताच वाचतात. तिथे 'लक्षणीय दोष आढळला नाही' असे लिहिलेले असले, की रुग्ण निर्धास्त होतो आणि कागद फाइलीत जातो. रेडिओलॉजिस्ट म्हणून माझा दिवस ज्या अवयवांकडे पाहण्यात जातो, त्यांपैकी दोन शेजाऱ्यांविषयी मला या पत्रातून लिहायचे आहे. एक म्हणजे मूत्रपिंडे आणि दुसऱ्या म्हणजे त्यांच्या वरच्या टोकाशी बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी, ज्यांना डॉक्टर मंडळी अ‍ॅड्रिनल म्हणतात. एकाच खाटेवर, एकाच प्रोबने (ध्वनिलहरी सोडणाऱ्या, त्वचेवर फिरवायच्या उपकरणाने), अवघ्या काही सेंटिमीटरच्या अंतरात हे दोन्ही अवयव तपासले जातात. तरीही सोनोग्राफी पहिल्याविषयी जे खात्रीने सांगू शकते, ते प्रौढ माणसात दुसऱ्याविषयी सहसा सांगू शकत नाही. हा फरक रिपोर्टात लिहिला गेला पाहिजे, आणि लिहिलेला नसेल तर रुग्णाने तो विचारला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

आधी मूत्रपिंडांविषयी. ती पोटाच्या पोकळीत नसून तिच्या मागे, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, खालच्या बरगड्यांच्या आडोशाला असतात. उजव्या मूत्रपिंडाच्या पुढे यकृत असते, आणि यकृतातून ध्वनिलहरी विनासायास पार होत असल्यामुळे उजवे मूत्रपिंड बहुधा छान दिसते. डाव्या बाजूला तेवढी सोय नाही. तिथे प्लीहा लहान असते, पुढे जठर आणि मोठ्या आतड्याचे वळण असते, आणि त्यांतला वायू ध्वनिलहरींना जवळजवळ पूर्णपणे परतवून लावतो. त्वचेवर जेल लावतात तेही याच कारणासाठी, की प्रोब आणि कातडी यांच्यामध्ये हवेचा थर उरू नये. डावे मूत्रपिंड पाहण्यासाठी रुग्णाला उजव्या कुशीवर वळवावे लागते, डावा हात डोक्यावर घ्यायला सांगावा लागतो, म्हणजे बरगड्यांमधल्या फटी थोड्या रुंदावतात, आणि मग प्रोब पाठीच्या बाजूला सरकवून एका फटीतून आत पाहावे लागते. 'दीर्घ श्वास घ्या, रोखून धरा' असे म्हटल्यावर श्वासपटल खाली येते, त्याबरोबर मूत्रपिंडही काही सेंटिमीटर खाली सरकते आणि बरगडीच्या सावलीतून बाहेर येते. त्या चार-सहा सेकंदांत चित्र गोठवून मोजमाप घ्यायचे असते. धाप लागलेल्या रुग्णाला किंवा लहान मुलाला श्वास रोखता येत नाही, तेव्हा हेच काम मूत्रपिंडाच्या हालचालीबरोबर धावत करावे लागते. तपासणीला लागणारा वेळ यंत्राच्या वेगावर नव्हे, तर रुग्णाच्या शरीरावर आणि तपासणाऱ्याच्या चिकाटीवर अवलंबून असतो, हे घाई करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात घ्यावे. त्यात मीही ज्या व्यवसायात आहे त्यातले लोक आले आणि बाहेर ताटकळणारे नातेवाईकही आले.

प्रौढ माणसाचे मूत्रपिंड साधारण ९ ते १२ सेंटिमीटर लांब असते, डावे उजव्यापेक्षा किंचित मोठे असू शकते, आणि उंच माणसात ते अधिक लांब तर वृद्धापकाळात थोडे आखूड असते. दोघांच्या लांबीत दीड सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आढळला, तर त्याचे कारण शोधावे लागते. लहान बाजूचे मूत्रपिंड जन्मतःच लहान आहे का, जुन्या संसर्गामुळे आक्रसले आहे का, की त्याला रक्त पुरवणारी धमनी अरुंद झाली आहे, असे प्रश्न तिथून सुरू होतात. म्हणूनच 'दोन्ही मूत्रपिंडे सामान्य आकाराची' एवढेच लिहिणे मला अपुरे वाटते. आकडा लिहिला तरच दोन वर्षांनी पुन्हा तपासणी झाल्यावर मूत्रपिंड आक्रसत चालले आहे की नाही, हे कळेल. प्रोब थोडा तिरका धरला गेला तरी मोजमापात अर्ध्या सेंटिमीटरचा फरक सहज पडतो, त्यामुळे एका आकड्यावरून घाबरून जाण्याचे कारण नाही. पण आकडाच नसेल तर तुलना करायला हाती काहीच राहत नाही.

लांबीनंतर पाहायची ती बाह्यकाची, म्हणजे मूत्रपिंडाच्या बाहेरच्या थराची जाडी आणि त्याची पडद्यावरची छटा. निरोगी प्रौढात हा थर शेजारच्या यकृताइतकाच किंवा त्याहून थोडा काळसर दिसतो, त्याच्या आतले त्रिकोणी शंकू आणखी काळे दिसतात आणि मध्यभागाची चरबी पांढरीशुभ्र दिसते. मूत्रपिंडाच्या ऊतींना दीर्घकाळ इजा होत गेली की बाहेरचा थर उजळतो, पातळ होतो आणि शंकूंमधला फरक पुसट होत जातो. मात्र ही छटा डोळ्यांनी जोखलेली असते आणि तुलना यकृताशी केलेली असते. यकृतात चरबी साठली असेल तर यकृतच उजळलेले असते, आणि आजारी मूत्रपिंडसुद्धा त्याच्या शेजारी काळसर, म्हणजे निरोगी दिसू शकते. अशा वेळी डावीकडे प्लीहेशी तुलना करावी लागते. उलट, छटा किंचित उजळ दिसली म्हणून 'मूत्रपिंडाचा आजार, पहिली श्रेणी' अशी ओळ लिहिली जाते आणि ती वाचून एखादे कुटुंब डायलिसिसच्या विचाराने हादरून जाते, हेही मी अनेकदा पाहिले आहे. ती छटा हा एक संकेत आहे. तिचा अर्थ रक्तातले क्रिएटिनिन हे मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचे टाकाऊ द्रव्य, त्यावरून काढलेला गाळणक्षमतेचा अंदाज आणि लघवीतले अल्ब्युमिन हे प्रथिन यांच्याबरोबरच लागतो.

याच कारणासाठी 'सोनोग्राफीत किडनी चांगली आली' हे वाक्य मला बेचैन करते. सोनोग्राफी मूत्रपिंडाची रचना दाखवते. ते रक्त किती गाळते हे ती सांगत नाही. मधुमेहात मूत्रपिंडावर परिणाम होऊ लागतो तेव्हा सुरुवातीला त्याचा आकार नेहमीचा किंवा थोडा मोठाच असतो, आणि सोनोग्राफी पूर्णपणे निर्दोष असताना लघवीतून अल्ब्युमिन जायला लागलेले असते. मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेल्या माणसाने दरवर्षी रक्ताची आणि लघवीची तपासणी न करता केवळ सोनोग्राफीवर समाधान मानणे म्हणजे जे कळायला हवे ते न कळू देणे होय. या मुद्द्यावर मी कोणतीही सूट द्यायला तयार नाही.

आता सोनोग्राफी जिथे खरोखर अतुलनीय ठरते, त्याविषयी. लघवीच्या मार्गात अडथळा आला की मूत्रपिंडातला लघवी जमा होणारा भाग फुगतो, आणि मध्यभागाच्या पांढऱ्या चरबीत काळ्या फांद्या पसराव्यात तसा तो पडद्यावर दिसतो. ज्या रुग्णाचे क्रिएटिनिन अचानक वाढले आहे, त्याला सर्वप्रथम सोनोग्राफी करायची ती याचसाठी, कारण अडथळा हे मूत्रपिंड निकामी होण्याचे असे कारण आहे की जे वेळीच दूर केले तर कार्य पुष्कळ अंशी परत येऊ शकते. त्यातही थंडी वाजून ताप असलेल्या रुग्णाचे मूत्रपिंड फुगलेले दिसले, तर रिपोर्ट टाइप होण्याची वाट न पाहता संबंधित डॉक्टरांना तिथूनच फोन करायचा असतो. तुंबलेल्या लघवीत संसर्ग झाला असेल तर ती तातडीने बाहेर काढावी लागते, उशीर झाला तर संसर्ग रक्तात पसरून जिवावर बेतते. रुग्णाला एकच मूत्रपिंड असेल, तर प्रसंग आणखी गंभीर असतो.

परंतु फुगलेले दिसणारे प्रत्येक मूत्रपिंड अडथळ्यामुळेच फुगलेले असते असे नाही. तपासणीसाठी पाणी पिऊन लघवीची पिशवी तुडुंब भरलेली असली, तर दोन्ही बाजूंना थोडा फुगवटा सहज दिसतो. अशा रुग्णाला लघवी करून यायला सांगावे आणि पुन्हा पाहावे. फुगवटा गेला तर प्रश्न मिटला. गरोदरपणात, विशेषतः उजव्या बाजूला, असा फुगवटा नेहमी आढळतो आणि बहुतेक वेळा तो निरुपद्रवी असतो. मूत्रपिंडाच्या मध्यभागी असलेल्या पाण्याच्या गाठीही फुगवट्यासारख्या भासतात, फक्त त्या एकमेकींना जोडलेल्या नसतात. कलर डॉपलर, म्हणजे प्रवाह रंगांत दाखवणारी सोनोग्राफीची सोय, लावून पिशवीत पाहिले, तर दोन्ही मूत्रवाहिन्यांच्या मुखांतून लघवीच्या चिळकांड्या थोड्या थोड्या वेळाने उडताना दिसतात, आणि एका बाजूची चिळकांडी बराच वेळ दिसलीच नाही तर त्या बाजूच्या अडथळ्याचा संशय बळावतो. हे पाहायला पाच मिनिटे शांत बसावे लागते. ती पाच मिनिटे बहुधा दिली जात नाहीत.

मुतखड्याच्या बाबतीत लोकांच्या अपेक्षा आणि सोनोग्राफीची कुवत यांत बरेच अंतर आहे. मूत्रपिंडातला मोठा खडा पांढरा ठिपका म्हणून दिसतो आणि त्याच्यामागे काळी सावली पडते. डॉपलर लावल्यावर त्याच्यामागे रंगांची चमचम होते, तिचाही ओळखायला उपयोग होतो. पण तीन-चार मिलिमीटरचा खडा मध्यभागाच्या पांढऱ्या चरबीत हरवून जातो, आणि चरबीचा किंवा रक्तवाहिनीच्या भिंतीचा एखादा चमकदार ठिपका खडा म्हणून नोंदवला जातो. लहान खड्याची लांबी सोनोग्राफीत खऱ्यापेक्षा जास्त भरते. मूत्रवाहिनीच्या मधल्या भागातला खडा तर आतड्यांतल्या वायूआड असल्यामुळे बहुधा दिसतच नाही. तिथे सीटी स्कॅन कितीतरी सरस आहे. तरीही कळ आलेल्या प्रत्येकाला थेट सीटीकडे पाठवण्याचे कारण नाही. अमेरिकेतल्या १५ रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत २,७५९ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. सोनोग्राफीने सुरुवात केलेल्या रुग्णांना एकूण किरणोत्सर्ग कमी मिळाला, आणि गंभीर निदान हुकून गुंतागुंत होण्याच्या प्रमाणात सीटीने सुरुवात केलेल्यांच्या तुलनेत लक्षणीय फरक पडला नाही, असे त्यात दिसून आले. सोनोग्राफीने सुरुवात केलेल्यांपैकी काहींना पुढे सीटी करावे लागलेच. तेव्हा क्रम असा असावा, की सोनोग्राफी आधी करावी आणि ती काय दाखवू शकली नाही हे समजून घेऊन, गरज असेल तर सीटी करावे. तरुणांच्या, मुलांच्या आणि गरोदर स्त्रियांच्या बाबतीत तर हा क्रम मोडताना फार विचार करावा.

गाठींविषयी थोडक्यात लिहिते. पातळ भिंतीची, आत पूर्ण काळी आणि मागचा भाग उजळवणारी पाण्याची साधी गाठ पन्नाशीनंतर सर्रास दिसते आणि तिच्यासाठी सहसा काहीही करावे लागत नाही. आत पडदे, जाड भिंत किंवा घट्ट भाग असेल तर औषध टोचून केलेले सीटी किंवा एमआरआय लागते. अशा गाठी किती धोक्याच्या हे ठरवणारी बॉस्निअ‍ॅक यांची १९८६ सालची वर्गवारी मुळात सीटीसाठी आहे आणि २०१९ च्या सुधारणेत एमआरआयचा औपचारिक समावेश झाला, तेव्हा साध्या सोनोग्राफीवरून त्या श्रेण्या बहाल करू नयेत. चरबीयुक्त सौम्य गाठ पांढरी दिसते, पण मूत्रपिंडाचा लहान कर्करोगही कधी कधी तसाच पांढरा दिसतो, म्हणून पहिल्यांदा आढळलेल्या अशा गाठीत चरबी आहे याची खात्री दुसऱ्या तपासणीने करून घ्यावी. वंशपरंपरेने येणाऱ्या बहुगाठी मूत्रपिंडांच्या आजारात मात्र सोनोग्राफीचे निकष वयाप्रमाणे ठरलेले आहेत. घरात हा आजार असेल तर १५ ते ३९ वर्षे वयात दोन्ही मूत्रपिंडे मिळून तीन गाठी, ४० ते ५९ वयात प्रत्येक बाजूला किमान दोन आणि साठीनंतर प्रत्येक बाजूला किमान चार गाठी दिसल्या तर निदान मानले जाते. घरच्यांचा इतिहास चिठ्ठीवर लिहिला नसेल, तर हे निकष लावायचे कोणाला, हे तपासणाऱ्याला कळणारच नाही.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले, त्या अधिवृक्क ग्रंथींकडे वळते. प्रत्येकी साधारण चार-पाच ग्रॅम वजनाच्या या ग्रंथी कॉर्टिसॉल, अल्डोस्टेरॉन आणि अ‍ॅड्रिनलिन यांसारखी संप्रेरके तयार करतात. ताण सहन करणे, रक्तदाब राखणे आणि मीठ-पाण्याचा तोल सांभाळणे ही कामे त्यांच्यावाचून चालत नाहीत. १८५५ साली थॉमस अ‍ॅडिसन यांनी या ग्रंथी नष्ट झाल्यावर माणूस कसा खंगत जातो, त्याची त्वचा कशी काळवंडते, याचे वर्णन केले, तेव्हा त्या का महत्त्वाच्या आहेत हे वैद्यकाला प्रथम नीट उमगले. क्षयरोगाने या ग्रंथी पोखरल्या जाणे हे त्या आजाराचे तेव्हाचे एक मुख्य कारण होते आणि जिथे क्षयरोग आहे तिथे ते आजही विसरून चालत नाही.

या ग्रंथींचे फाटे जेमतेम तीन ते सहा मिलिमीटर जाड असतात. उजवी ग्रंथी यकृत, खालची महाशीर आणि श्वासपटलाचा मागचा पाय यांच्या सांदीत असते, आणि यकृतातून बरगड्यांमधून पाहिल्यास सडपातळ माणसात ती कधी कधी सापडते. डावी ग्रंथी महाधमनी, स्वादुपिंडाचे शेपूट, प्लीहेच्या रक्तवाहिन्या आणि जठर यांच्या गर्दीत दडलेली असते. पुढून पाहावे तर जठरातला वायू आड येतो आणि मागून पाहावे तर मूत्रपिंड आणि बरगड्या. भोवतालची चरबी आणि ग्रंथी यांच्या छटांतही मोठा फरक नसतो. त्यामुळे प्रौढात निरोगी डावी अधिवृक्क ग्रंथी पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत न दिसणे हेच नेहमीचे आहे. ज्या ठिकाणी दुर्बिणीच्या टोकाला बसवलेल्या प्रोबने जठराच्या आतून सोनोग्राफी करतात, तिथे हीच डावी ग्रंथी अगदी स्पष्ट दिसते, कारण मधला वायूच बाजूला पडतो. पण ती तपासणी वेगळी, तिचे प्रयोजन वेगळे.

असे असताना कित्येक रिपोर्टांत 'दोन्ही अधिवृक्क ग्रंथी सामान्य' असे छापून येते. त्याचे कारण सांगते. रिपोर्टाचा मजकूर संगणकात आधीच तयार ठेवलेला असतो. यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड, प्लीहा, मूत्रपिंडे अशा ओळी ओळीने असतात आणि जिथे दोष आढळतो तेवढीच ओळ बदलली जाते. अधिवृक्क ग्रंथींची ओळ कोणी बदलतच नाही, कारण तिथे काही दिसलेलेच नसते. दुसऱ्या प्रकारच्या रिपोर्टांत त्यांचा उल्लेखच नसतो आणि वाचणारा मौनाचा अर्थ 'ठीक' असा घेतो. माझ्या दृष्टीने पहिला प्रकार अधिक वाईट आहे, कारण न पाहिलेल्या गोष्टीवर तिथे सही होते.

यामुळे प्रत्यक्षात काय होऊ शकते, ते एका कल्पित पण मुळीच दुर्मीळ नसलेल्या उदाहरणाने सांगते. एखाद्या तिशीतल्या माणसाचा रक्तदाब तीन औषधे घेऊनही आटोक्यात येत नाही आणि रक्तातले पोटॅशियम कमी भरते. पोटाची सोनोग्राफी होते, मूत्रपिंडे उत्तम दिसतात, अधिवृक्क ग्रंथी 'सामान्य' असे लिहून येते आणि विषय बंद होतो. पण जास्तीचे अल्डोस्टेरॉन तयार करणारी गाठ बहुधा दोन सेंटिमीटरपेक्षाही लहान असते, आणि पुष्कळदा गाठ नसून दोन्ही ग्रंथींचीच वाढ झालेली असते. सोनोग्राफीत ती दिसण्याची अपेक्षा करणेच चूक आहे. इथे निदानाची सुरुवात रक्तातले अल्डोस्टेरॉन आणि त्याचे नियमन करणारे, मूत्रपिंडातून येणारे रेनिन मोजण्यापासून होते, आणि चित्रे काढण्याची पाळी त्यानंतर येते. मधूनमधून धडधड, डोकेदुखी, दरदरून घाम आणि त्याच वेळी चढणारा रक्तदाब असे झटके येत असतील, तर अ‍ॅड्रिनलिनसारखी द्रव्ये सोडणाऱ्या गाठीचा संशय घेऊन रक्तातली किंवा लघवीतली मेटानेफ्रिन्स, म्हणजे त्या द्रव्यांपासून शरीरात बनणारे पदार्थ, मोजावी लागतात. ही गाठ अनेकदा तीन सेंटिमीटरच्या वर असल्याने सोनोग्राफीत दिसू शकते, पण न दिसल्याने ती नाही असे ठरत नाही, शिवाय ती अधिवृक्क ग्रंथीच्या बाहेरही असू शकते. आणि ती दिसलीच, तर मेटानेफ्रिन्सची तपासणी होईपर्यंत तिच्यात सुई घालून तुकडा काढण्याचा विचारही करू नये, कारण त्या धक्क्याने रक्तदाब अनावर होऊन रुग्ण दगावू शकतो.

याच्या उलट प्रसंगही येतो. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत अधिवृक्क ग्रंथीच्या जागी अकल्पितपणे गाठ दिसते आणि घरात एकदम कर्करोगाची चर्चा सुरू होते. सर्वप्रथम ती गाठ खरोखर त्या ग्रंथीचीच आहे ना, हे पाहायचे असते. मूत्रपिंडाच्या वरच्या टोकाची पाण्याची गाठ, प्लीहेचा लहानसा सुटा तुकडा, जठराची मागे गेलेली पिशवी किंवा वेडीवाकडी रक्तवाहिनी यांनी अनेकांना फसवले आहे. श्वास घेताना गाठ मूत्रपिंडाबरोबर सरकते की यकृताबरोबर, हे पडद्यावर पाहणे इथे फार उपयोगी पडते, आणि ही सोय सीटीच्या स्थिर चित्रात नाही. गाठ ग्रंथीचीच असेल तर औषध न टोचता केलेल्या सीटीत तिची घनता मोजतात. ती एकसारखी आणि सीटीवरच्या घनतेच्या मापात, म्हणजे हाउन्सफील्ड एककांत, १० पर्यंतच असेल तर गाठ सौम्य मानली जाते आणि तिच्यासाठी पुन्हा पुन्हा चित्रे काढत बसावे लागत नाही. मग संप्रेरकांचा प्रश्न उरतो. रात्री डेक्सामिथासोन या स्टिरॉइडची एक मिलिग्रॅमची गोळी देऊन सकाळी कॉर्टिसॉल मोजणे, रक्तदाब असेल तर अल्डोस्टेरॉन पाहणे आणि घनता जास्त असेल तर मेटानेफ्रिन्स पाहणे, असा तो तपास असतो. वयाबरोबर अशा गाठींचे प्रमाण वाढत जाते आणि त्यांतल्या बहुसंख्य निरुपद्रवी असतात, हे रुग्णाला त्याच दिवशी सांगायला हवे.

प्रौढांबद्दल मी जे लिहिले ते नवजात बाळाला लागू होत नाही. जन्मतः अधिवृक्क ग्रंथी बाळाच्या मूत्रपिंडाच्या जवळजवळ एकतृतीयांश आकाराची असते. प्रौढात हे प्रमाण सुमारे तेराव्या हिश्शावर येते. बाळाच्या अंगावर चरबी कमी, अंतर कमी, म्हणून उच्च वारंवारतेचा प्रोब वापरता येतो. कोमट केलेले जेल लावून, बाळ दूध पिऊन डोळे मिटत असताना कुशीच्या बाजूने प्रोब टेकवला, की मूत्रपिंडाच्या माथ्यावर ही ग्रंथी इंग्रजी व्ही किंवा वाय या अक्षराच्या आकारात, बाहेर काळसर जाड थर आणि मध्ये पांढरी बारीक रेघ अशी सुस्पष्ट दिसते. पहिल्या काही आठवड्यांतच तिचा गर्भावस्थेतला थर झिजून ती लहान होत जाते.

या वयात सोनोग्राफीचे मोल फार मोठे आहे. अवघड बाळंतपण, प्राणवायूची कमतरता किंवा गंभीर संसर्ग यांमुळे बाळाच्या अधिवृक्क ग्रंथीत, विशेषतः उजव्या, रक्तस्राव होऊ शकतो. बाळाची कावीळ वाढते, हिमोग्लोबिन उतरते, कधी पोटात गोळा लागतो. सोनोग्राफीत तिथे गाठ दिसते. त्याच जागी न्यूरोब्लास्टोमा नावाचा कर्करोगही होतो, आणि पहिल्या दिवशीच्या चित्रावरून दोहोंत फरक करणे नेहमी शक्य नसते. डॉपलरमध्ये गाठीच्या आत रक्तप्रवाह दिसला तर कर्करोगाकडे पारडे झुकते. पण खरा निवाडा काळ करतो, कारण साकळलेले रक्त काही दिवसांत पातळ होऊन काळे दिसू लागते, काही आठवड्यांत आक्रसते आणि शेवटी कधी चुन्याचा छोटा ठिपका मागे ठेवते. बाळाची प्रकृती स्थिर असेल तर ठरावीक अंतराने सोनोग्राफी करून वाट पाहणे हा भित्रेपणा नव्हे, तो योग्य उपचार आहे. भूल नाही, किरणोत्सर्ग नाही, आणि पुष्कळ बाळांची अनावश्यक शस्त्रक्रिया टळते.

आणखी एक खूण मला फार मोलाची वाटते. एखाद्या बाळाचे एक मूत्रपिंड जन्मतःच त्या जागी तयार झालेले नसेल, तर तिथली अधिवृक्क ग्रंथी मूत्रपिंडाच्या आधाराअभावी दुमडत नाही, कण्याला समांतर लांबट आणि चपटी पडून राहते. घाईत पाहणाऱ्याला तेच लहानसे मूत्रपिंड वाटू शकते. ते ओळखता आले की कटीच्या पोकळीत दुसरीकडे मूत्रपिंड आहे का, हे शोधायचे भान येते. जननेंद्रियांवरून लिंग स्पष्ट न ठरणाऱ्या बाळातही या ग्रंथींची वाढ आणि घड्या दिसणे संप्रेरकनिर्मितीच्या जन्मजात दोषाकडे बोट दाखवते, आणि त्याच तपासणीत गर्भाशय आहे की नाही हेही पाहता येते. पण ग्रंथी नेहमीच्या आकाराच्या दिसल्या म्हणून तो दोष नाही असे मानू नये; या दोषात वाढणाऱ्या, रक्तातल्या १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन या द्रव्याची तपासणी करावीच लागते. मिठाचा तोल ढासळून असे बाळ दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अत्यवस्थ होऊ शकते, तेव्हा चित्र चांगले आले म्हणून घरी पाठवणे अंगाशी येईल.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. सोनोग्राफीसाठी चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांनी 'पोटाची सोनोग्राफी' एवढेच न लिहिता प्रश्न लिहावा: रक्तदाब आटोक्यात नाही, क्रिएटिनिन वाढले आहे, वडिलांना बहुगाठी मूत्रपिंडांचा आजार होता, असे काहीही. तपासणाऱ्याने मूत्रपिंडांची लांबी आणि बाह्यकाची जाडी आकड्यांत द्यावी, फुगवटा असल्यास तो लघवी केल्यानंतरही राहिला का ते लिहावे, आणि अधिवृक्क ग्रंथींच्या ओळीत तीन पर्यायांपैकी एक स्वतःच्या हाताने निवडावा: दिसल्या आणि निर्दोष आहेत, दिसल्या आणि असा असा दोष आहे, अथवा वायूमुळे किंवा शरीरयष्टीमुळे दिसू शकल्या नाहीत. हा तिसरा पर्याय लिहिण्यात कोणालाही कमीपणा वाटू नये. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना पुढची तपासणी ठरवायला तोच सर्वांत उपयोगी पडतो. आणि रुग्णांना विनंती, की जुने रिपोर्ट आणि चित्रे घेऊन जा, तपासणीपूर्वी पाणी किती प्यायचे आणि उपाशी राहायचे की नाही हे आधी विचारा, आणि रक्तदाबाच्या तपासासाठी सोनोग्राफी झाली असेल तर 'अधिवृक्क ग्रंथी दिसल्या का' हा प्रश्न बाहेर पडण्यापूर्वी अवश्य विचारा.

आपल्या आरोग्यविषयक पानावर रिपोर्ट कसा वाचावा यासंबंधी मजकूर द्यायचे ठरवलेत, तर त्यात या ग्रंथींना जागा द्यावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक रेडिओलॉजिस्ट